ओझे: डोक्यावरून चाकावर

उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळची मिस्सा आटोपली की आम्ही काही वेळ ख्रिस्तमंदिराच्या आवारात उभे असतो. त्याच वेळी महाविद्यालयात आणि कामावर निघालेली तरुण मंडळी आपापल्या सायकली काढीत असतात. प्रत्येकाच्या पाठीवर एक फुगलेली पिशवी असते. संध्याकाळी हीच मंडळी परततात तेव्हा पिशवी खाली उतरताच सदऱ्यावर तिच्याच आकाराचा ओला डाग दिसतो. एकदा एका मातेने आमच्यापाशी तक्रार केली की, "फादर, दिवसाला दोन सदरे धुवायला निघतात, आणि पोराच्या पाठीवरचे घामोळे काही केल्या जात नाही." शेजारी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. उमेदीच्या वयात त्यांनी सायकलवरून दुधाचा धंदा केलेला. ते त्या मुलाला म्हणाले, "बाळा, पाठीवर कशाला घेतोस? कॅरियर कशासाठी दिलंय?"

प्रश्न साधा होता, पण त्या साध्या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे असे आम्हांला वाटले. ओझे माणसाच्या अंगावरून उतरून चाकावर कसे गेले, ते कोणाचे उतरले आणि कोणाचे उतरले नाही, याचा हा इतिहास आहे. राजेमहाराजांच्या बखरींत तो सापडत नाही. मात्र आपल्या वाडवडिलांच्या मानेवर आणि खांद्यावर तो लिहिलेला होता.

सायकल येण्यापूर्वी आपल्या प्रांतात गरिबाचे ओझे दोनच ठिकाणी असे, डोक्यावर किंवा खांद्यावर. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ आणि तिच्यावर पाटी किंवा हारा, खांद्यावर कावड. बैलगाडी ज्याच्या दारी असेल त्याची गोष्ट निराळी. चुंबळ ही लहानशी वस्तू, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. ती ओझ्याचा भार टाळूच्या एका बिंदूवर न पडू देता सभोवार पसरविते आणि डोके व पाटी यांच्यामध्ये थोडी जागा राखते. कावडीचेही तसेच. दोन्ही बाजूंना सारखे वजन असले म्हणजे चाल सुधारते, आणि पाठ मोकळी राहते. उन्हातान्हात मैलोगणती चालणाऱ्या माणसाला हे शहाणपण कोणी शिकविले नव्हते. घामाने आणि ठणकत्या मानेने ते शिकविले होते.

चाकाची मदत त्याला फार उशिरा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात जी उंच सायकल प्रचारात होती तिचे पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले असे. स्वार त्या मोठ्या चाकाच्या अगदी माथ्यावर बसे. तेथे त्याचाच तोल धड राहत नसे, मग सामानाला जागा कोठून असणार? ती हौशी तरुणांची करमणूक होती. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती, स्वार दोहोंच्या मध्ये बसे आणि साखळीने मागचे चाक फिरे. या रचनेमुळे आसनामागे, मागच्या चाकावर, एक रिकामी जागा निर्माण झाली. पुढे कॅरियर जेथे बसला ती हीच जागा. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि चाकाचे धक्के सौम्य झाले. आता सायकलवरून अंडी, दूध, पाव अशा नाजूक वस्तू नेणे शक्य झाले.

याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असेल. पुढील काळातील एका मोठ्या उद्योगाचा पाया त्या दुकानात घातला गेला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून कामगाराच्या हक्कांचा आणि श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. सायकल आणि परिपत्रक यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु काळ एकच होता, आणि कष्टकऱ्याच्या शरीरावर किती भार टाकावा हा प्रश्न त्या काळाच्या हवेतच होता.

आरंभी सायकल ही साहेबाची आणि सुखवस्तू वकील-डॉक्टरांची चीज होती. ती कष्टकऱ्याच्या हाती पडायला काही दशके जावी लागली. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. मद्रासेत १९४९ साली टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियान्यात १९५६ साली हीरो. या कारखान्यांतून जी काळी, दणकट सायकल बाहेर पडली ती खास आपल्या देशाच्या गरजेची होती. वजनदार, पण न वाकणारी. काही नमुन्यांना तर आडवी दांडीही दुहेरी. मागे लोखंडी कॅरियर. त्यावर सामान आवळायला जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या. या पट्ट्यांची युक्ती कोणत्या कारखानदाराने नव्हे, तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकाने शोधून काढली असावी.

सायकलवरून ओझे नेण्याची कला ज्यांनी पूर्णत्वास नेली अशा तीन कष्टकऱ्यांची येथे आठवण केली पाहिजे.

पहिला गोव्याचा पोदेर. पोर्तुगीज अमदानीत गव्हाच्या पावाची चाल गोव्यात रुजली आणि पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरली जाऊ लागली. जुन्या काळी पोदेर टोपली घेऊन, हातातील काठी खुळखुळवीत पायी गावात येई. पुढे ती टोपली सायकलच्या कॅरियरवर चढली आणि काठीच्या आवाजाची जागा भोंग्याने घेतली. पहाटे आणि तिसऱ्या प्रहरी तो भोंगा वाजला की पोई, उंडे आणि काकणे घ्यायला माणसे दाराशी येतात. त्या टोपलीची रचना पाहण्यासारखी असते. ती बांबूची असते, कारण भट्टीतून निघालेल्या पावाची वाफ विणीतून बाहेर पडली नाही तर पाव ओला होऊन लिबलिबीत होतो. वरून धूळ आणि पाऊस लागू नये म्हणून आच्छादन. मालाला वारा हवा हे पोदेराला पक्के ठाऊक आहे. आणि टोपली मागे गेल्यामुळे त्याच्या स्वतःच्या अंगालाही वारा मिळाला.

दुसरा मुंबईचा डबेवाला. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसे घेऊन हा व्यवसाय उभा केला असे सांगितले जाते. मावळ, जुन्नर, राजगुरुनगर, अकोले या डोंगराळ भागांतील ही मंडळी. उपनगरांत घरोघरचे डबे गोळा करताना सायकल त्यांचा उजवा हात ठरली. हँडलला दोन्ही बाजूंनी आणि कॅरियरवर आकड्यांनी अडकविलेले डबे अशा रीतीने टांगलेले असतात की डावे-उजवे वजन सारखे राहावे. स्थानकावर मात्र तेच डबे लाकडी पाटीत भरून डोक्यावर घ्यावे लागतात. त्या पाटीचे वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जाते. एकाच डब्याच्या एकाच प्रवासात ओझ्याच्या इतिहासातील दोन्ही युगे, चाकाचे आणि डोक्याचे, एकामागून एक पाहावयास मिळतात. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे लोकल थांबल्या तेव्हा हे काम बंद पडले, आणि त्यानंतर पुष्कळ डबेवाले गावाकडेच राहिले.

तिसरा आमच्या वसईचा दूधवाला. १८६० च्या दशकात वसईतून रेल्वे धावू लागली आणि मुंबईची बाजारपेठ आमच्या वाडीच्या दाराशी आली. दूध, केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजी या मार्गाने मुंबईस जाऊ लागली. किनारपट्टीच्या गावांपासून स्थानक मात्र काही किलोमीटर दूर. आमच्या बालपणी, पहाटेच्या अंधारात, सायकलच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवून गाडी गाठायला निघालेले दूधवाले आम्ही पाहिले आहेत. उन्हाळ्यात कॅनभोवती ओले गोणपाट गुंडाळलेले असे. सायकल चालू लागली की वाऱ्याने ते गोणपाट सुकत जाई आणि सुकता सुकता आतले दूध थंड राखी. आरंभी ज्या वृद्ध गृहस्थांचा उल्लेख केला ते याच परंपरेतील. त्यांनी त्या मुलाला जे सांगितले ते त्यांना या गोणपाटाने शिकविले होते.

कारण मनुष्याचे शरीरही याच नियमाने थंड होते. सायकल चालविताना शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलाच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी निसर्गाने घाम दिला आहे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला पाहिजे. नुसता ओघळून गेलेला घाम थंडावा देत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो आधीच सावकाश सुकतो. अशा वेळी सायकलस्वाराचा खरा मित्र म्हणजे त्याच्याच वेगाने निर्माण झालेला वारा. पाठ हा शरीराचा भरपूर घाम येणारा भाग. तिच्यावरच आपण पिशवीचे झाकण घट्ट बसविले तर वाऱ्याला मार्ग राहत नाही. ओल्या गोणपाटावर मेणकापड गुंडाळून दूध थंड राहण्याची अपेक्षा करावी तशातला हा प्रकार आहे.

पाठीवरील भाराने आणखी एक हानी होते. वजन उंच जाते आणि तोल ढळू लागतो. खांदे आवळले जातात. खड्ड्यातून जाताना बसणारा धक्का चाकाऐवजी मणक्याला सोसावा लागतो. याउलट जुन्या कष्टकऱ्यांचे नियम पाहा. भार शक्य तितका खाली असावा, दोन्ही बाजूंना सारखा असावा, हलू नये इतका आवळलेला असावा, त्याचे टोक आऱ्यांत जाऊ नये, आणि हँडलवर जड काही टांगू नये, कारण त्याने चाक वळविणे कठीण होते. डबेवाल्याने हा शेवटचा नियम मोडलेला दिसतो. पण त्याच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते आणि त्याला अंतर थोडेच कापायचे असते. या नियमांसाठी कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही.

सायकलचे हे सामर्थ्य ओळखणारा एक विचारवंत आपल्या ख्रिस्तसभेतून आला होता, याची आठवण येथे होते. १९२६ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले इव्हान इलिच १९५१ साली धर्मगुरू झाले आणि न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकोच्या गरीब स्थलांतरितांमध्ये त्यांनी कार्य केले. १९६९ साली ते पौरोहित्याच्या कार्यातून बाजूला झाले. त्यांच्या 'एनर्जी अँड इक्विटी' या १९७४ सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की, सायकलवर बसलेला मनुष्य पायी चालणाऱ्यापेक्षा तीन-चार पट वेगाने जातो आणि तरीही एका किलोमीटरला लागणारी त्याची शक्ती पाचपट कमी असते. इतके करूनही तो दुसऱ्या कोणाचा मार्ग अडवीत नाही. गरिबाला स्वातंत्र्य देणारे यंत्र कसे असावे याचा नमुना त्यांना सायकलमध्ये दिसला.

तथापि इतिहास लिहिताना केवळ सुखाची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चाकाने ओझे उचलले ते प्रामुख्याने पुरुषांचे. वसईच्या दूधवाल्याचे कॅन सायकलवर चढले, पण त्याच घरातील स्त्रीची भाजीची पाटी डोक्यावरच राहिली. आमच्या माता-भगिनी चुंबळीवर भाजी आणि फुले घेऊन स्थानकापर्यंत चालत जात, गाडीच्या गर्दीत उभ्या राहत आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा तेच ओझे डोक्यावर घेऊन दारोदार फिरत. घरात सायकल होती, परंतु तिच्यावर स्त्रीने बसावे असे कोणाच्या मनात आले नाही. आम्हा धर्मगुरूंनीही प्रवचनांत त्यांच्या कष्टाळूपणाची स्तुती पुष्कळ केली. त्यांची मान का दुखते हे क्वचितच विचारले. ही कबुली आज लिहून ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते.

असे घडणे अटळ नव्हते, हे दूर तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवून दिले. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे साक्षरतेची मोठी चळवळ झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने अक्षरओळखीबरोबरच स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली. शेतमजूर स्त्रिया, खाणीत दगड फोडणाऱ्या स्त्रिया, शिक्षिका, परिचारिका हजारोंच्या संख्येने सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला आहे. पाण्याची भांडी, शेतमाल आणि लहान मुले त्यांच्या डोक्यावरून व कडेवरून कॅरियरवर आली. पुढे २००६ साली बिहार शासनाने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली आणि शाळेचे अंतर मुलींसाठी लहान झाले. जे वसईत सुचले नाही ते तेथे सुचले.

दुसरी खंत अशी की, लोभ आणि दारिद्र्य एकत्र आले की सायकलही जुलमाचे साधन होते. झारखंडात आजही गरीब माणसे पोत्यांत भरलेला दगडी कोळसा सायकलवर लादून उन्हात मैलोगणती नेतात. हा भार दोनशे किलो आणि त्याहूनही अधिक असतो. त्यांना त्या सायकलवर बसताच येत नाही. ती ढकलीत न्यावी लागते. भार खाली आहे, दोन्ही बाजूंना सारखा आहे, सर्व नियम पाळलेले आहेत. परंतु किती भार लादावा याचा नियम पोट ठरविते, आणि पोटाला मर्यादा समजत नाही. यंत्र मनुष्याची सुटका करील की नाही हे यंत्रावर अवलंबून नसते, हा धडा ही माणसे आपल्याला देतात.

आता आजच्या दिवसाकडे वळू. शंभर वर्षांत जे ओझे मोठ्या कष्टाने अंगावरून उतरले ते आपण पुन्हा अंगावर चढवीत आहोत असे दिसते. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेचे सदस्य असताना, १९८९ साली, मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल कळकळीचे भाषण केले. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०२० साली केंद्र शासनाच्या धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असे सुचविले. तरीही मूल सायकलवर बसते ते पाठीवर दप्तर घेऊनच. आणि पुष्कळ नव्या सायकलींना तर कॅरियरच नसतो, कारण तो शोभत नाही म्हणे!

शहरात तर आणखी एक दृश्य दिसते. भर दुपारी घरोघर तयार जेवण पोहोचविणारी तरुण मुले. कोणी मोटरसायकलवर, तर ज्याची तेवढी ऐपत नाही तो सायकलवर. पाठीला भली मोठी चौकोनी पेटी. अन्न गरम राहावे म्हणून पेटीला आतून जाड अस्तर असते, आणि ती पेटी घामेजलेल्या पाठीला टेकलेली असते. अन्नाचा विचार झाला, पाठीचा राहून गेला. पोदेराने पावाला वारा दिला आणि स्वतःलाही घेतला. आपल्या अधिक शिकलेल्या पिढीला तेवढे साधू नये याचे वैषम्य वाटते. ही मुले बहुधा परगावची असतात. ती आपल्या दाराशी क्षणभर उभी राहतात आणि आपण त्यांच्या हातातील पुडक्याकडे पाहतो.

दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांनी नमूद करून ठेवले आहे की, प्रभू येशू सुतारकाम करीत असताना नांगर आणि जू तयार करीत असे. सुताराच्या हातून घडलेले जू बैलाच्या मानेला नीट बसले नाही तर मान सोलवटते, हे त्या हातांना ठाऊक होते. म्हणूनच कष्टी आणि भाराक्रांत जनांना जवळ बोलावताना त्याने जुवाचाच दाखला घेतला असावा असे आम्हांला वाटते. त्याने ओझे अजिबात नाहीसे करण्याचे वचन दिले नाही. मानेला न खुपणारे जू देण्याचे दिले. चांगली व्यवस्था ती, जिच्यात काम होते आणि माणूसही शाबूत राहतो.

तेव्हा आपल्या कुटुंबांनी या उन्हाळ्यात काही साध्या गोष्टी कराव्यात. मुलाच्या सायकलला कॅरियर नसेल तर बसवून घ्यावा. पुस्तकांचा गठ्ठा आणि डबा कॅरियरवर आवळावा किंवा दोन्ही अंगांना दोन पिशव्या लावाव्यात. वह्या ओल्या होऊ नयेत म्हणून वरून कापड असावे. पाण्याची बाटली हाताशी ठेवावी. मुलींनाही सायकल शिकवावी आणि घरातील जड पाटी कोणाच्या डोक्यावर आहे याकडे एकदा पाहावे. आणि दाराशी जेवण घेऊन आलेल्या मुलाला पेटी क्षणभर खाली ठेवायला सांगून पेलाभर पाणी द्यावे.

त्या मातेचा मुलगा मागील रविवारी आम्हांला भेटला. त्याच्या सायकलला जुनाच, कोठून तरी मिळालेला लोखंडी कॅरियर बसविलेला होता आणि त्यावर ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी पिशवी आवळलेली होती. पट्ट्या कशा आवळायच्या हे त्या वृद्ध दूधवाल्यांनी त्याला स्वतः उभे राहून दाखविले होते.